पायाचे डॉपलर: चिठ्ठीवरच्या प्रश्नापासून रिपोर्टपर्यंत

‘पायाचे डॉपलर करून आणा’ असे डॉक्टरांनी सांगितले की ती, म्हणजे रक्तवाहिन्यांतील रक्ताचा प्रवाह पाहणारी सोनोग्राफी, एकच ठरावीक तपासणी आहे असे समजून रुग्ण आणि त्याच्या घरची माणसे सोनोग्राफी केंद्र गाठतात. प्रत्यक्षात त्या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या तपासण्या येतात. खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का, शिरांमधील झडपा गळतात का, आणि धमनीतून पावलापर्यंत पुरेसे रक्त पोहोचते का, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. त्यांसाठी रुग्णाला वेगवेगळ्या स्थितीत ठेवावे लागते, प्रोब (यंत्राचा पायावर टेकवायचा, हातात धरायचा भाग) वेगळ्या वाटेने फिरवावा लागतो आणि वेळही कमीअधिक लागतो. गोव्यात वाळपईहून किंवा पेडण्याहून सकाळची बस पकडून म्हापशाला अथवा बांबोळीला आलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर नुसते ‘डॉपलर, उजवा पाय’ एवढेच लिहिलेले असेल, तर एका प्रश्नाचे अचूक उत्तर घेऊन तो घरी परततो आणि ज्या प्रश्नासाठी आला होता तो तसाच राहतो. म्हणून या तपासणीची खरी तयारी चिठ्ठी लिहिली जाते तिथूनच सुरू करावी.

प्रश्न आधी लिहून घ्या

एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी ताठ आणि दुखरी झाली, कातडी गरम व लालसर वाटू लागली, तर पहिली शंका खोल शिरेतील गुठळीची, म्हणजेच डीव्हीटीची घ्यायची. अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, प्लास्टरमध्ये ठेवलेला पाय, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोगाचे उपचार, लांबचा विमानप्रवास यांपैकी काही असेल तर ही शंका बळावते आणि ती माहिती चिठ्ठीवर आलीच पाहिजे. गोव्यात घरोघरी कुणी ना कुणी आखातात किंवा जहाजावर नोकरीला असते. सुट्टीवर आलेल्या तारवट्याचा पाय प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत सुजला, तर ‘प्रवासाचा थकवा’ म्हणून ते अंगावर काढू नये. हे डॉपलर त्याच दिवशी व्हायला हवे. पायाच्या दुखण्याबरोबर एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा भोवळ आली, तर गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेलेला असू शकतो. अशा वेळी सोनोग्राफी केंद्राची वाट धरू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठे इस्पितळ गाठावे.

दुसरा प्रश्न झडपांचा. मासळी बाजारात दिवसभर ओट्याशी उभ्या असलेल्या बाया, भट्टीपुढे उभा राहणारा पोदेर (पाव भाजणारा), हॉटेलच्या स्वयंपाकघरातील कामगार, वर्गात उभ्याने शिकवणारे शिक्षक यांच्या पायांवर फुगलेल्या, नागमोडी निळ्या शिरा वरचेवर दिसतात. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याभोवती सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, आणि काही वर्षांनी घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट, कडक व खाजरी होऊन तिथे न भरणारी जखम होते. यासाठी चिठ्ठीवर ‘झडपांची तपासणी, उभे करून’ असे स्पष्ट हवे. रुग्णाला आडवे ठेवून केलेल्या तपासणीवरून झडपा ठीक आहेत असे म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न धमनीचा. पणजीतील आल्तिनोची चढण चढताना ठरावीक अंतरावर पोटरी आवळल्यासारखी दुखते, दोन मिनिटे थांबले की थांबते आणि चालू लागले की तेवढ्याच अंतरावर पुन्हा दुखते, हे अरुंद झालेल्या धमनीचे ठळक लक्षण आहे. आजार वाढला की रात्री झोपेत पाऊल दुखू लागते आणि पाय खाटेखाली सोडला की बरे वाटते. तंबाखू ओढणारे आणि मधुमेही यांच्यात हे अधिक आढळते. मधुमेह्याच्या पायाच्या नसा बधिर झालेल्या असल्या तर त्याला चालताना दुखतच नाही, आणि बोटाला झालेली बारीकशी जखम महिनाभर भरत नाही एवढीच खूण उरते. म्हणून मधुमेही माणसाच्या पायाची जखम दोन आठवड्यांत भरू लागली नाही, तर दुखत नसले तरी धमनीचे डॉपलर मागून घ्यावे. पाय एकाएकी थंड, पांढराफटक, बधिर पडला आणि बोटे हलेनाशी झाली, तर मात्र डॉपलरची तारीख घेत बसू नये. रक्तपुरवठा पूर्ण तुटल्यावर पहिले सहा तास फार मोलाचे असतात.

दोन्ही पाय सारखेच आणि हळूहळू सुजत असतील, तर डॉपलर ही बहुधा पहिली तपासणी नसते. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे आजार किंवा रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अम्लोडिपिनची गोळी यांमुळेही पाय सुजतात. डॉक्टरांकडे औषधांची सगळी पाकिटे घेऊन जावे, पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

यंत्र नेमके काय मोजते

ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने १८४२ साली प्राग येथे ताऱ्यांच्या रंगांविषयी एक निबंध वाचला. आपल्याकडे पणजीत पोर्तुगीज अमदानीतील वैद्यकीय विद्यालय, ज्याच्या परंपरेतून आजचे गोवा मेडिकल कॉलेज आले, तेही नेमके त्याच वर्षी स्थापन झाले, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. डॉपलरने मांडलेले तत्त्व असे की लहरींचा उगम जवळ येत असेल तर त्यांची वारंवारता वाढते आणि दूर जात असेल तर घटते. सोनोग्राफीचा प्रोब माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडतो. त्या मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात, वाहत्या तांबड्या पेशींवर आपटून परततात, आणि परतलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली यावरून यंत्र रक्ताचा वेग काढते.

या हिशेबात लहर आणि प्रवाह यांच्यामधील कोनाला फार महत्त्व आहे. प्रोब रक्तवाहिनीला काटकोनात धरला तर वेग जवळजवळ शून्य दिसतो आणि कोन ६० अंशांपेक्षा मोठा झाला तर आकड्यातील चूक झपाट्याने वाढते. म्हणूनच ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर आणि सवडीवर अवलंबून असते. रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी रोज करणारा तज्ज्ञ कोण, हे आपल्या डॉक्टरांना विचारण्यात काहीही गैर नाही. पडद्यावरच्या लाल आणि निळ्या रंगांवरून शुद्ध व अशुद्ध रक्ताचा अर्थ काढू नये. रंग फक्त दिशा दाखवतात, प्रोबकडे येणारे आणि प्रोबपासून दूर जाणारे, आणि एक कळ दाबून ते उलटेही करता येतात.

तयारी

पायाच्या डॉपलरला उपाशी राहण्याची गरज नसते. मधुमेही रुग्णांनी तर न्याहारी आणि गोळी चुकवू नये. रांगेत साखर उतरून चक्कर आल्याची उदाहरणे नेहमी घडतात आणि ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहेत. पोटातील महाधमनी, मूत्रपिंडाच्या धमन्या किंवा ओटीपोटातील शिरा पाहायच्या असतील तर मात्र सहा ते आठ तास उपास सांगतात, कारण आतड्यांतील वायूमुळे ध्वनिलहरी अडतात. पायाबरोबर पोटही पाहायचे आहे का, हे वेळ घेतानाच विचारून घ्यावे.

जांघेपर्यंत सहज वर करता येईल असा सैल परकर, लुंगी किंवा हाफ पँट घालावी. पायाला तेल किंवा मलम लावून जाऊ नये. दाबाचे मोजे घालत असाल तर ते काढावेत आणि सोबत न्यावेत. जखमेवर पट्टी असेल तर आधी सांगावे आणि नवी पट्टी बरोबर ठेवावी. झडपांच्या तपासणीसाठी शक्य असल्यास दुपारनंतरची वेळ मागावी, कारण दिवसभर उभे राहिल्यावर गळती अधिक स्पष्ट दिसते. धमनीच्या तपासणीआधी विडी-सिगरेट ओढू नये, आणि बसमधून उतरून धावतपळत आला असाल तर दहा-पंधरा मिनिटे शांत पडून राहू द्या असे सांगावे, कारण चालून आलेल्या पायातील प्रवाह विश्रांतीच्या पायापेक्षा वेगळा असतो. गरोदर बाईला ही तपासणी सुरक्षित आहे. मात्र गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्यानुसार तिच्या सोनोग्राफीची नोंद भरावी लागू शकते, तेव्हा ओळखपत्र सोबत असावे. जुने रिपोर्ट सगळे न्यावेत, अगदी फाटके असले तरी.

टेबलावर काय होते

गुठळीच्या तपासणीत सर्वांत निर्णायक गोष्ट रंगही नाही आणि आवाजही नाही, तो आहे साधा दाब. जांघेपाशी प्रोब आडवा धरला की पडद्यावर शेजारी शेजारी दोन काळी वर्तुळे दिसतात, त्यांतले एक ठोके देत असते आणि दुसरे शांत असते. ठोके देणारी धमनी, शांत ती शीर. तपासणाऱ्याने प्रोब जरासा दाबला की शिरेच्या भिंती एकमेकींना टेकतात आणि ते वर्तुळ मिटून जाते. धमनी मात्र गोलच राहते. हात सैल केला की शीर पुन्हा उघडते. हेच दर एक-दोन सेंटिमीटरवर जांघेपासून मांडीतून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत आणि तिथून पोटरीपर्यंत करत जायचे असते. जिथे शीर मिटत नाही तिथे आत गुठळी आहे. ताजी गुठळी पडद्यावर रक्तासारखीच काळी दिसू शकते, त्यामुळे नुसते डोळ्यांनी पाहून भागत नाही, दाबून पाहावेच लागते. आपल्या पायावर प्रोब फक्त दोन-तीन ठिकाणी टेकवला आणि पोटरीला स्पर्शही झाला नाही, तर पोटरी पाहिली का असे नम्रपणे विचारावे. तातडीच्या विभागात कधीकधी जांघ आणि लवण एवढेच पाहतात. त्याला वैद्यकीय आधार आहे, पण मग काही दिवसांनी तपासणी पुन्हा करण्याचे ठरलेले असावे लागते.

ओटीपोटातील शीर खोल असल्याने ती दाबता येत नाही. तिथे दुसरी युक्ती वापरतात. जांघेतल्या शिरेचा प्रवाह श्वासाबरोबर कमीजास्त होतो; तो सपाट, एकसारखा वाहताना दिसला तर वरच्या बाजूला अडथळा असण्याचा संभव असतो. गरोदर बायांमध्ये, विशेषतः डाव्या पायाला सूज असताना, हे जरूर पाहायला हवे.

झडपांच्या तपासणीत रुग्णाला उभे करतात, तोल दुसऱ्या पायावर घ्यायला लावतात आणि तपासायचा पाय सैल सोडायला सांगतात. शिरेतील झडप ही आपल्या खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतीच्या, बांधातील मानशीच्या दारासारखी असते: पाणी नदीकडे जाताना दार उघडते आणि भरतीचे पाणी उलटू लागले की आपोआप मिटते. तपासणारा पोटरी हाताने दाबतो तेव्हा रक्त वर जाते, हात सोडला की झडप मिटून प्रवाह थांबायला हवा. झडप निकामी असेल तर रक्त खाली परतताना पडद्यावर रंग उलटतो आणि तो किती वेळ टिकतो हे सेकंदांत मोजतात. कातडीखालच्या शिरांमध्ये अर्ध्या सेकंदाहून अधिक, आणि मांडीतील व गुडघ्यामागील खोल शिरांमध्ये एका सेकंदाहून अधिक उलटा प्रवाह हा दोष मानतात. उभे असताना घेरी आल्यासारखे वाटले तर लगेच सांगावे. काही जणांना तसे होते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

धमनीच्या तपासणीत निरोगी पायाचा आवाज त्रिपदी असतो: पहिला जोरकस ठोका पुढे, मग क्षणभर मागे, मग पुन्हा हलकासा पुढे. अडथळ्याच्या खाली हा आवाज मंद आणि एकपदी होतो. याच बैठकीत घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर, म्हणजे एबीआय, काढून द्यावे अशी विनंती करावी. दंडाचा वरचा दाब १४० आणि घोट्याचा ९८ असेल तर गुणोत्तर ०.७० येते. १.० ते १.४ हे सामान्य, ०.९० किंवा त्याहून कमी हे धमनी अरुंद झाल्याचे लक्षण आणि ०.४० च्या खाली गेले तर पाय धोक्यात आहे असे समजावे. १.४ च्या वरचा आकडा पाहून मात्र आनंद मानू नये. मधुमेह्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या धमन्यांत चुना साचून त्या पट्ट्याने दबेनाशा होतात आणि आकडा फसवा चढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगावे.

रिपोर्ट हातात आल्यावर

आधी बाजू पाहावी. उजवा पाय दाखवला आणि रिपोर्टवर डावा छापला, असे कधीतरी होते आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेणे सोपे असते. मग शेवटचा निष्कर्ष वाचण्याआधी कोणकोणत्या रक्तवाहिन्या पाहिल्या त्यांची नावे वाचावीत.

इथे एक धोका सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. काही रिपोर्टांत अजूनही ‘सुपरफिशियल फिमोरल व्हेन’ असे जुने नाव येते. नावात ‘सुपरफिशियल’ असले तरी ही मांडीतील खोल शीर आहे, आणि तिच्यात गुठळी असेल तर ती डीव्हीटीच असते व तिला रक्त पातळ करणारे औषध लागते. नावामुळे गैरसमज होऊन उपचार लांबल्याचे प्रकार जगभर घडले आहेत, म्हणून आता नुसते ‘फिमोरल व्हेन’ लिहिण्याचा संकेत आहे. रिपोर्टमध्ये जुने नाव आणि त्यापुढे गुठळीचा उल्लेख दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

गुठळी ताजी की जुनी, हेही लिहिलेले असावे. ताज्या गुठळीने शीर फुगते आणि गुठळी मऊ असते, जुनीने शीर आक्रसते, भिंती जाड होतात आणि बाजूने नव्या वाटा फुटतात. गुठळी गुडघ्यामागच्या शिरेत किंवा त्याच्या वर आहे की फक्त पोटरीत, यावर उपचार बरेच अवलंबून असतात.

धमनीच्या रिपोर्टात ‘पीएसव्ही’ म्हणजे ठोक्याच्या क्षणीचा सर्वाधिक वेग. जागा अरुंद झाली की रक्त तिथून वेगाने जाते. अरुंद जागी वेग सेकंदाला २८० सेंटिमीटर आणि तिच्या अलीकडे ८० असेल तर गुणोत्तर ३.५ होते, आणि पायाच्या धमनीत हे गुणोत्तर २ च्या वर गेले की मार्ग निम्म्याहून अधिक बुजला असे मानतात. मानेच्या धमनीचे निकष वेगळे आहेत. तिथे १२५ च्या वरचा वेग निम्म्याहून अधिक आणि २३० च्या वरचा वेग ७० टक्क्यांहून अधिक अडथळा सुचवतो. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी लावू नये.

त्यानंतर काय करावे, काय टाळावे

सुजलेली पोटरी तेलाने चोळणे हा आपल्याकडचा पहिला उपाय असतो आणि गुठळीच्या शंकेत तोच सर्वांत घातक ठरू शकतो. डॉपलर होईपर्यंत पाय कुणालाही चोळू, रगडू किंवा ओढू देऊ नये.

रिपोर्ट निर्दोष आला तरी सूज वाढतच असेल तर तिथे थांबू नये. पोटरीतील लहान गुठळी पहिल्या तपासणीत निसटू शकते किंवा नंतर वर सरकू शकते, म्हणून साधारण आठवडाभरात तपासणी पुन्हा करतात. डी-डायमर ही रक्ताची तपासणीही मदतीला येते, पण ती वाढलेली असणे म्हणजे गुठळीच असे नव्हे.

डीव्हीटी ठरली तर रक्त पातळ करणारे औषध सहसा किमान तीन महिने घ्यावे लागते आणि बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडणे धोक्याचे असते. त्यांपैकी वॉर्फरिन हे औषध सुरू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. त्या काळात तांबडी भाजी, मुळा, पालक सोडण्याची गरज नाही, मात्र आठवड्यात जेवढी खाता तेवढीच खात राहावी. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी महिनाभर मासळीच, असे केल्यास आकडा वरखाली होतो. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत.

दाबाचे मोजे झडपांच्या आजारात खरोखर उपयोगी आहेत, परंतु धमनीचा पुरवठा तपासल्याशिवाय ते विकत घेऊ नयेत, कारण आधीच कमी रक्त पोहोचणाऱ्या पायाला घट्ट मोजा घातला तर बोटे काळी पडण्याची भीती असते. मोजे सकाळी खाटेवरून उतरण्याआधी घालावेत आणि रात्री काढावेत. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते नकोसे होतात हे खरे आहे. गुडघ्याखालचा मोजा बहुतेकांना पुरतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून तोच घ्यावा, कारण मांडीपर्यंतचा मोजा कपाटात पडून राहतो. फुगलेली शीर कधी फुटलीच, तर रुग्णाला आडवे करावे, पाय उंच धरावा आणि फुटलेल्या जागी स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून ठेवावे. मांडीला दोरी बांधू नये.

गुठळीचे उपचार थांबवण्याच्या सुमारास एकदा डॉपलर करून घ्यावे. बऱ्याच जणांच्या शिरेत जुन्या गुठळीचा अंश कायमचा राहतो. दोन वर्षांनी तोच पाय पुन्हा दुखू लागला, तर हा रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय दिसते ते जुने की नवे हे तपासणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि मग औषध विनाकारण पुन्हा सुरू होते किंवा हवे असताना सुरू होत नाही. त्यावर कोणती शीर, कुठपर्यंत आणि दाबल्यावर किती मिलिमीटर उरते हे लिहून घ्यावे, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घरातल्या आणखी एका माणसाला पाठवून ठेवावा.